एकाच खोलीचं हॉटेल

वाशिममध्ये मालेगाव रोडवर एक काचेची बिल्डिंग दिसते. समोरून पाह्यलं तं एकदम चकाचक, निळ्या काचा, वर माणसाएवढी मोठी अक्षरं. बाजूने पाह्यलं तं नुसत्या विटा, अन् डोक्यावर निघालेल्या गंजक्या सळया. त्या हॉटेलची रिसेप्शनिस्ट मी होती.

ते हॉटेल कधी उघडलंच नाही. पण रिसेप्शनिस्ट मी होती, हे लिहून ठेवते, कारण आता कोणी म्हणते तू तिथं पोत्यायचा हिशेब पाहत होती, कोणी म्हणते चौकीदारीन होती, अन् मले लय राग येते. खरंच येते. टाइप करता करता पण बोटं जोरात पडून राह्यली.

आमच्याकडे हॉटेल म्हटलं तं लोकायच्या डोळ्यासमोर काय येते माहीत आहे का? फाट्यावरचं टिनाचं शेड, उकळता चहा, कढईत भजे, अन् मांगे कोळशाने काळी झालेली भिंत. त्याले हाटेल म्हणतात. मी जेव्हा घरी सांगितलं का मले हॉटेल मॅनेजमेंट करायचं आहे, तेव्हा माह्या बाबाने जेवता जेवता हात थांबवला अन् म्हणे, "भजे तळाले तीन वर्षं लागतात व्हय वो मॅडम?"

बाबा एसटीत कंडक्टर आहेत. मंगरूळपीरची गाडी त्यायची. दिवसभर गाडीत लोकायची मस्करी करतात अन् उरलेली घरी आणतात. रिठदकडचं आमचं गाव, पण राहतो वाशिमले, स्टँडच्या मांगे दोन खोल्यांत. बाबाले वाटे पोरीने डीएड करावं, नाही तं बँकेची परीक्षा द्यावी. हाटेलात पोरगी काम करते हे चार लोकायले सांगावं कसं, हा त्यायचा प्रश्न. "लोक काय ईचारतीन? तुही पोरगी काय करते? हाटेलात असते. अरे बापा!"

पण मले ते काहून करायचं होतं, ते सांगते. बारावीनंतर मी अन् माही मैत्रीण एका परीक्षेले अकोल्याले गेलो. पेपर सुटला, शेवटची गाडी गेली. आमी जवळच्या लॉजवर गेलो. काउंटरवरचा माणूस टीव्ही पाहत होता. त्याने आमच्याकडे पाह्यलंही नाही अन् विचारलं, "सोबत कोण हाय?" आमी म्हटलं कोणी नाही, आमी दोघीच. तो म्हणे, एकट्या पोरी ठेवत नाही. दोघी उभ्या होतो त्याच्यासमोर, अन् त्याले एकट्या दिसल्या! मंग स्टँडवरच्या बाकड्यावर पाय पोटाशी घेऊन बसून राह्यलो सकाळपर्यंत. तेव्हाच डोक्यात बसलं का मले त्या काउंटरच्या पलीकडच्या बाजूले उभं राहायचं आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात सगळ्यायले दुबई नाही तं मोठं जहाज पाहिजे होतं. मले वाशिमचं काउंटर पाहिजे होतं. पोट्टे हसत.

शिक्षण झालं. पुण्यात एका हॉटेलात लागत होतं माहं. तेवढ्यात बाबाच कोणाकडून तरी ऐकून आले का मार्केट यार्डातले एक सेठ मालेगाव रोडवर हॉटेल बांधून राह्यले. आडत त्यायची, खताबियाण्याचं दुकान त्यायचं, आता हॉटेल. मी दुसऱ्याच दिवशी गेली. सेठजी खुर्ची टाकून सिमेंटच्या पोत्याजवळ बसले होते. मोबाइलवर मले हॉटेलचा फोटो दाखवला. कॉम्प्युटरने काढलेला तो. त्यात कारंजं होतं, आजूबाजूले खजुराची झाडं होती, अन् वाशिममध्ये कधी दिसत नाहीत तशा गाड्या दारात उभ्या होत्या.

"चाळीस खोल्या, बेटा," ते म्हणे. "खाली लगनाचा हॉल. असा हॉल अकोल्यात पन नाही. दिवाळीले उद्घाटन. काउंटर तुहं."

काउंटर तुहं! मी पुण्याले फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. घरी आली तं नाचत आली. बाबा म्हणे, "बरं हाय, भजे ताजे भेटतीन."

आता माह्या रागाची सुरुवात ऐका. हॉटेल कसं बांधतात? मले कॉलेजात शिकवलं होतं: आधी पाणी, ड्रेनेज, खोल्या, मंग बाकी. आमच्या सेठजीने हॉटेल समोरून बांधलं. म्हणजे काय, तं पहिले काचा बसवल्या. रोडवरून जाणाऱ्यायले दिसलं पाहिजे ना! मंग वरची अक्षरं, लाइटवाली. मंग खालच्या हॉलचा मार्बल, स्टेज, छताले सोनेरी पट्ट्या. मंग रिसेप्शनचं काळं ग्रॅनाइटचं काउंटर, ते मात्र लय सुंदर होतं, खोटं नाही बोलत. अन् मंग पहिल्या माळ्यावर सॅम्पल रूम.

सॅम्पल रूम म्हणजे, सगळ्या खोल्या कशा दिसतीन हे पाहायले आधी एक खोली पूर्ण करतात. फरशी, पलंग, एसी, पडदे, बाथरूम, सगळं. ती पाहून बाकीच्या करायच्या. आमची सॅम्पल रूम अशी होती का बाजूच्या खोलीले दार नाही, खिडकी नाही, आतमध्ये वाळूचा ढीग, अन् ही खोली उघडली का दुसऱ्या दुनियेत आलो असं वाटे. मिस्त्रीने पलंग आतमध्येच बसून बनवला, एवढा मोठा का चार माणसं आडवी झोपतीन. पांढरी चादर, पायथ्याशी तपकिरी पट्टा, चहाची किटली, काचेच्या आतमध्ये शॉवर, अन् दुहेरी पडदे.

ती खोली माही शाळा होती. दुसरं काम काय होतं? रोज सकाळी जाऊन पलंग लावे. चादर ताणायची, कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, उश्या उभ्या करायच्या, हात फिरवायचा, एक सुरकुती नको. मंग लोक येत. सेठजीचे व्याही, साळे, बँकेचे साहेब, कोणी पुढारी. सगळे चप्पल घालून आत येत, पलंगावर बसून फोटो काढत, शॉवर सुरू करून पाहत, "वा सेठ, वाशिममध्ये नाही वाटत!" म्हणत अन् जात. ते गेले का मी पुन्हा पलंग लावे. त्या पलंगावर सगळे बसले. झोपलं कोणीच नाही.

दिवाळी आली अन् गेली. उद्घाटन अक्षय तृतीयेवर गेलं. अन् तोपर्यंत सोयाबीन झोपलं.

आमच्याकडे दुसरी कोणती मंदी नसते. टीव्हीवर शेअर बाजार पडते, आमाले काही फरक पडत नाही. सोयाबीनचा भाव पडला का एका आठवड्यात सगळं गाव हळू बोलायले लागते. कापडाच्या दुकानात पोट्टे स्टुलावर बसून मोबाइल पाहतात. मोटारसायकलचे शोरूमवाले रोडवर येऊन उभे राहतात. ज्यायनं हॉलची बुकिंग केली होती ते एकेक करून येऊन गेले: "सेठजी, लगन गावातच उरकून घेतो, मंडप टाकून." सेठजीचा अकोल्याचा भागीदार आधी फोन उचलत नव्हता, मंग त्याने सरळ सांगितलं का मी निघालो. एक दिवस फरशीवाले आपले कटर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सेंटरिंगवाले प्लेटा घेऊन गेले. लिफ्टसाठी ठेवलेल्या खड्ड्यात कबुतरं राहायले आली. आमच्या हॉटेलात पहिले चेक-इन त्यायनं केलं.

अन् सगळे एकच शब्द बोलत. मंदी. "मंदी हाय ना." "मंदीत काय करनार?" जसं काही पाऊसपाणी आहे, वरून आलं, कोणाचाच हात नाही. मी विचारे, अहो पण पहिले काचा कोणी लावल्या? मंदीने लावल्या का?

मंग एक दिवस मी सकाळी गेली तं दारात ट्रक उभा. हमाल हॉलमध्ये पोते टाकून राह्यले. सोयाबीनचे पोते! व्यापाऱ्यायले भाव वाढेपर्यंत माल ठेवायले जागा पाहिजे होती, अन् सेठजीकडे मार्बलचा हॉल रिकामा होता. बसला मेळ. जिथं नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या ठेवायच्या होत्या त्या स्टेजवर थप्प्या लागल्या, पार सोनेरी पट्ट्यांपर्यंत. सगळ्या बिल्डिंगमध्ये तो धुळीचा, तेलकट वास. मी काउंटरवर उभी राहून पाहत होती, अन् मले रडू नाही आलं, मले कोणाची तरी कॉलर धरावी वाटली.

"सेठजी, हे काय आहे?"

"काय म्हंजे? भाडं हाय, बेटा. पोतं भाडं देते. तुह्या पाहुन्यायनं देल्लं का आजपर्यंत?"

"खोल्याच नाहीत तं पाहुणे येतीन कुठं?"

"मंदीत कोन येते?"

"येतात! स्टँडवर जाऊन पाहा. परीक्षेचे पोट्टे-पोट्ट्या येतात, दवाखान्यात भरती झालेल्यायचे नातेवाईक येतात, औषध कंपन्यायचे लोक येतात, बदली झालेले मास्तर येतात. दहा खोल्या साध्या करा. पलंग, पंखा, गरम पाणी, आतून मजबूत कडी. कारंजं नको, खजूर नको."

सेठजी असे हसले जसं मी लहान पोरगी आहे अन् चंद्र मागून राह्यली. "मंग लॉज काढू का मी? माह्या व्याह्यायसमोर नाक कापून घेऊ? हाटेल उघडीन तं हाटेलच उघडीन. तोपर्यंत तू बस काउंटरवर. गाडी आली का वजनाची काटा-पावती पाह्य, पोते मोजून घे."

त्या दिवशी घरी आली तं बाबाले कुठून कळलं कोण जाणे. गाडीत सगळं कळते त्यायले. चपला काढत नाही तं म्हणे, "काय मॅडम, आज किती पोत्यायनं चेक-इन केलं? नाश्ता संगं हाय का त्यायले?"

मी ताट आपटलं. आई म्हणे, ओरडू नको, घरात पाहुणे आहेत. मामाकडचे सगळे आले होते, मामा, मामी, त्यायची पोरं, मामीची बहीण. नात्यातल्या लग्नासाठी. दोन खोल्यांत पाय ठेवायले जागा नव्हती. हे मुद्दाम सांगून राह्यली, कारण पुढे दोन पोरी येतीन, तेव्हा कोणी विचारीन का मंग त्यायले घरीच काहून नाही नेलं.

दोन दिवसांनी सेठजीने सांगितलं का सॅम्पल रूमचं सामान उद्या जाईन. मोठ्या पोराच्या खोलीत टाकायचं, एवढा चांगला पलंग धूळ खाऊन राह्यला म्हणे. टेम्पो येईन, चादरी-गिदरी घडी करून ठेव. मी तशीच वर गेली, खोली उघडली, अन् पलंग लावला. काहून लावला माहीत नाही. रागात लावला. चादर एवढी ताणली का नख तुटलं.

दिवस मावळायले आला होता तेव्हा बाबाचा फोन. मांगे स्टँडचा कल्ला.

"कुठं हायेस?"

"पोत्यायजवळ."

त्यायनं मस्करी नाही केली. तेव्हाच मले कळलं काही तरी आहे. "इकडे ये जरा स्टँडवर. लॉजजवळ."

गेली. बाबा खाकी ड्रेसवर, खांद्याले बॅग, अन् त्यायच्याजवळ दोन पोरी. एक उंच, खांदे मजबूत, बोलत नाही. दुसरी बारकी, सारखी बोलणारी. दोघी मंगरूळपीरच्या पलीकडच्या खेड्यातल्या. पोलीस भरतीसाठी आल्या होत्या. सकाळी अंधार असतानाच ग्राउंडवर हजर राहायचं, धावायचं, गोळा फेकायचा. पहिल्या गाडीने निघालं तरी टायमावर पोचत नाही, म्हणून आदल्या दिवशी आल्या. बाबाच्याच गाडीत. त्यायनं उतरताना विचारलं, राहान कुठं, तं बारकी म्हणे, स्टँडवर राहू ना काका.

बाबा त्यायले घेऊन एका लॉजवर जाऊन आले होते. हे लॉज दुसरं होतं. मी आत शिरली तं बोलणं सुरूच होतं.

"एकट्या पोरी ठेवत नाही आमी," काउंटरवरचा म्हणे. टीव्ही सुरू. अकोल्याचा तोच माणूस नव्हता, पण तोच होता.

"एकट्या कुठं हाये? दोन हाये ना," बाबा म्हणे.

"सोबत मानूस कोन हाय?"

"मी हावो ना."

"तुमी कोन त्यायचे?"

"कंडक्टर."

"कंडक्टर म्हंजे काय नातं व्हय का वो काका?"

"तिकीट मी देल्लं ना त्यायले!"

"मंग गाडीतच झोपवा," तो म्हणे अन् टीव्हीचा आवाज वाढवला.

बाबा बाहेर आले. गाडीत भांडणारे, सुट्या पैशावरून अख्ख्या गाडीले हसवणारे बाबा, लॉजच्या पायरीवर उभे राहून टोपी हातात फिरवत होते. मंग माह्याकडे न पाहता, रोडकडे पाहून म्हणे, "तुह्या त्या हाटेलात... एक खोली झाली म्हनत होती ना तू?"

तुह्या हाटेलात. न हसता.

ऑटो केला. पूर्ण रस्ता बारकी बोलत होती. त्यायच्या गावातून या बारीले लय पोरी भरल्या म्हणे. आधी दोघी-तिघी भरत, या वर्षी जी ती. "काहून व्हय?" बाबाने विचारलं. तं म्हणे, "घरी काय ठेवलं हाय काका? सोयाबीन तं पाहून राह्यले तुमी." मी ऑटोत बसल्या बसल्या पेटली. सेठजी म्हणतात मंदीत कोण येते! मंदीतच येतात! जेव्हा काहीच नसते तेव्हाच माणूस बॅग घेऊन परीक्षेले निघते, अन् तेव्हाच त्याले एका रात्रीचं छप्पर लागते!

बिल्डिंगवर पोचलो. मी पळत पुढे गेली. सगळे लाइट लावले, वरची अक्षरं पण लावली, बिल आलं तं येऊ दे. मंग काउंटरच्या मांगे जाऊन उभी राह्यली, अन् त्या तिघायले म्हटलं, दारातून या. बाबा म्हणे, हे काय नाटक, पण आले. दोघी पोत्यायच्या थप्प्या पाहत पाहत काउंटरजवळ आल्या. उंच पोरीने बॅग छातीशी धरली होती. ती पहिल्यांदा बोलली, "सोबत कोनी नाही वो ताई आमच्या." कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं तिनं. सवय लागते ना.

मी म्हटलं, "सकाळी किती वाजता उठवू?"

बस. एवढंच विचारायचं असते. तीन वर्षं मी एवढ्या एका प्रश्नासाठी शिकली.

जिन्याले कठडा नव्हता, मोबाइलचा टॉर्च लावून वर नेलं. गीझर लावला. खोली उघडली तं दोघी दारातच थांबल्या. बारकीचं तोंड बंद झालं, पहिल्यांदा. मंग त्यायनं चपला बाहेर काढल्या. एवढे व्याही-पुढारी येऊन गेले, कोणी काढल्या नव्हत्या. पलंगाकडे पाह्यलं, अन् बॅगेतली शाल काढून खाली फरशीवर टाकायले लागल्या.

"हे काय?"

"आमी खालीच झोपतो ताई. चादर खराब होईन."

"चादर खराब व्हायलेच असते!" मी ओरडली. खरंच ओरडली, त्या बिचाऱ्या घाबरल्या. "झोपा वर! वर झोपा दोघी! चादर धुता येते!"

सांगायले लाज वाटत नाही, पाहुण्यावर ओरडणारी मी पहिली रिसेप्शनिस्ट असीन. पण त्या चढल्या वर. पांढऱ्या चादरीले सुरकुत्या पडल्या. दोघी एकमेकीकडे पाहून हसायले लागल्या, उड्या मारून पाह्यल्या, अन् उंच पोरगी म्हणे, "इथं झोपलं तं सकाळी उठाच नाही वाटनार, फेल होतो आमी." मी दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. काय आवाज होता तो!

बाबा खाली पोत्यावर बसून राह्यले होते. मी म्हटलं, जा घरी. "मामा आले तुहे, घरी जागा कुठं हाय," ते म्हणे, अन् पोत्याले टेकून डोळे मिटून घेतले. "अन् मॅडम, नाश्ता संगं हाय का?" सकाळी तेच दोघीयले ऑटोने ग्राउंडवर सोडून आले.

मी खोली आवरायच्या आतच सेठजी आले. टेम्पो, चार माणसं, अन् मोठा पोरगा. वर गेलो तं पलंग विस्कटलेला, बाथरूममध्ये ओला टॉवेल, खोलीत पाय दुखल्यावर लावतात त्या मलमाचा वास, अन् उशीजवळ एक काळी पिन.

"कोन झोपलं होतं इथं?"

"पाहुणे."

"कोन पाहुने? कोनाले ईचारून?"

"आपल्या हॉटेलचे पहिले पाहुणे, सेठजी. पोलीस भरतीच्या दोन पोरी."

"स्टँडवरच्या पोरी? माह्या सॅम्पल रूममदे?" त्यायचा आवाज खालच्या हमालापर्यंत गेला असीन. "एवढे मोठे लोक येऊन गेले, कोनी पाय लांब नाही केला या पलंगावर!"

"मंग पलंग कायले आहे?"

"तुले अक्कल हाय का? मंदीत मी मरून राह्यलो, भागीदार पळाला, बँक उरावर बसली, अन् तू धर्मशाळा खोलून राह्यली!"

इथं मले थांबायले पाहिजे होतं. सेठजीचं तोंड उतरलेलं होतं, वर्षभरात माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता, हे मले दिसत नव्हतं असं नाही. पण त्यायनं धर्मशाळा म्हटलं अन् माहं डोकं गेलं.

"मंदीने तुमाले नाही मारलं सेठजी! तुमी हॉटेल बांधलं ते तुमच्या व्याह्यायले दाखवायसाठी. जे येऊन पैसे देतीन त्यायच्यासाठी एक खोली नाही काढली. लगनं थांबली तं तुमी थांबले. परीक्षा थांबल्या का? दवाखाने थांबले का? स्टँडवर रोज माणसं झोपतात, अन् तुमी मार्बलवर सोयाबीन झोपवलं!"

मोठा पोरगा म्हणे, "पप्पा, हिले काढा आधी."

"काढायले मी कामावर लागली कुठं होती? हॉटेल उघडलं का तुमचं?"

सेठजीने माणसायले हात दाखवला, उचला. अन् मंग जे झालं ते तुमाले खोटं वाटीन. पलंग दारातून निघेना. मिस्त्रीने आतमध्ये बसून बनवला होता ना! आडवा करून पाह्यला, उभा करून पाह्यला, पाय काढून पाह्यले, डिंक-खिळे एवढे पक्के का फळी हलेना. कापायचा तं पोराच्या खोलीत काय टाकतीन? अर्धा तास घाम गाळला. शेवटी सेठजी म्हणे, चौकट फोडा.

फोडली. घनाने. नवी सागवानी चौकट. चाळीस खोल्यांतली एक खोली पूर्ण झाली होती, तिचं दार फोडून आतला पलंग नेला. मी चादर काढून घेतली होती फक्त. ती माह्याजवळ आहे. मागायले आले तं देईन, धुऊन ठेवली आहे.

काउंटर नेता आलं नाही कोणाले, ग्रॅनाइट आहे, जमिनीत बसवलेलं. आता त्याच्यावर हमाल डबे ठेवून जेवतात, असं बाबा सांगतात.

लोकायले कळलं तं सगळे मले म्हणायले लागले, लय पुण्याचं काम केलं पोरी. गल्लीतल्या बाया म्हणे, आईबापाचं नाव काढलं. मले हे ऐकून जास्त राग येते. मी पुण्य नाही केलं! मी माहं काम केलं, एक दिवस, ते पण चोरून. मले पुण्य नको आहे. मले काउंटर पाहिजे. पगार पाहिजे, गळ्यात नावाची पट्टी पाहिजे, अन् गावात अशी एक जागा पाहिजे जिथं दोन पोरी रात्रीपुरत्या पैसे देऊन, मान वर करून झोपतीन. मेहरबानी म्हणून कोणाच्या घरी नाही. पुण्यातल्या त्या हॉटेलले मी पुन्हा मेल केला आहे. सध्या आमी भरती थांबवली आहे, असं उत्तर आलं. कारण काय लिहिलं असीन, ते तुमी सांगा.

मांगच्या आठवड्यात बारकीचा फोन आला बाबाले. तिचं ग्राउंड निघालं, धावण्या-फेकण्यात पास झाली, आता लेखी परीक्षा. सोबत गावातल्या आणखी पोरी. बाबाने फोन कानाले लावूनच मले विचारलं, "चार हाये. आनू?"

मामाकडचे गेले होते. मी म्हटलं, आणा.

घरातल्या समोरच्या खोलीतलं सगळं उचललं. गाद्या खाली टाकल्या, अन् ती पांढरी चादर काढली. दोन गाद्यांवर मिळून बरोबर बसली, एवढी मोठी होती. कोपरे पाकिटासारखे दुमडले. आई म्हणे, जमिनीवरच्या गादीले एवढं काय करते? मी हात फिरवून उरलेली सुरकुती काढली. बाबा दारात उभे राहून पाहत होते.

पोरी आल्या. त्यायच्यात एक नवीन होती, लहानशी, चष्मेवाली, पुस्तक हातातच. जेवताना तिने मले विचारलं, "ताई, तुमी काय करता?"

"रिसेप्शनिस्ट आहे."

"कोनत्या हाटेलात?"

बाबाने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. मले वाटलं आता काही तरी भज्याचं बोलतीन.

"अजून बांधून व्हायचं हाय," तेच म्हणे. "तू जेव. सकाळी किती वाजता उठवायचं, ते सांग तिले."